'आपकी जय' ते 'जय आदिवासी' : नंदुरबार परिसराच्या सार्वजनिक जीवनातील धर्म, राष्ट्र आणि भाषा

दोन माणसे वाटेत भेटली म्हणजे परस्परांना काय म्हणतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला सहसा पडत नाही. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची, तडवी, धानका या समाजांच्या लोकगीतांचे आणि कथांचे संकलन कमीअधिक प्रमाणात झाले; विधिगीतांवर प्रबंधही लिहिले गेले. अभिवादन आणि घोषणा मात्र वाङ्मयाच्या कक्षेत आल्या नाहीत. त्या अल्पाक्षरी असतात, त्यांचा कर्ता ठाऊक नसतो आणि त्यांत अलंकार शोधून सापडत नाहीत, ही त्याची कारणे असावीत. तथापि धर्म आणि राष्ट्र या दोन कल्पना सामान्य माणसाच्या जिभेवर प्रथम येतात त्या याच दोन शब्दरूपांतून. 'जय' हा एकच शब्द कुणाच्या नावापुढे किंवा नावामागे लागतो, त्यावरून बोलणारा स्वतःला कोणत्या समूहात मोजतो हे कळते. नंदुरबार जिल्ह्यात गेल्या शंभर वर्षांत हा शब्द अनेकदा नव्याने जोडला गेला. त्या जोडण्यांत कोणाची भाषा वापरली गेली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा धुळे जिल्हा म्हणजे १९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन बनलेला पश्चिम खानदेश. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. तापीकाठच्या सपाट प्रदेशात गुजर पाटीदारांची आणि अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची गावे, नंदुरबार शहरात गुजराती बोलणारा व्यापारी वर्ग, अक्राणी-अक्कलकुवा-तळोद्याच्या डोंगरांत पावरी, देहवाली, भिलोरी बोलणारी वस्ती आणि नवापुराकडे मावची, अशी येथील भाषिक मांडणी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली बोलींबरोबर खानदेशीचाही समावेश आहे. म्हणजे 'मराठी' आणि 'गुजराती' यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या बोलींना कोणत्या खात्यात घालावे, हा पेच शतकारंभीच जाणवलेला होता. शाळेची आणि कचेरीची भाषा मराठी. ती बहुसंख्यांची मातृभाषा नव्हे. प्रस्तुत विवेचनात हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

येथील आधुनिक धार्मिक चळवळींचा इतिहास दारूपासून सुरू होतो, असे म्हटल्यास ते अनेकांना रुचणार नाही; पण वस्तुस्थिती तशी आहे. मोहाची दारू घरोघरी गाळली जात असे. पूर्वजांना, गावदेवांना आणि पिकाच्या पहिल्या दाण्याला तिची धार वाहिली जाई. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला. मक्तेदाराच्या दुकानातून दारू विकत घ्यावी लागू लागली. दुकानदाराकडे उधारी, उधारीपोटी धान्य, धान्य संपले की जमीन असा क्रम सुरू झाला. पूजेचे द्रव्यच सरकारच्या आणि सावकाराच्या हाती गेले. तेव्हा दारू सोडण्याची भाषा ही निव्वळ नीतीची भाषा राहिली नाही. ती कर्जातून आणि धाकातून बाहेर पडण्याचीही भाषा बनली. बाहेरच्या सुधारकांना तीत केवळ 'संस्कार' दिसला, हा त्यांच्या दृष्टीचा दोष.

नोव्हेंबर १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची जी लाट पसरली, तिचे सविस्तर विवेचन डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. नवापूरला लागून असलेल्या सोनगड-व्यारा भागांत, जो तेव्हा बडोदा संस्थानात होता, आदिवासी मोठ्या संख्येने एकत्र जमत. ज्यांच्या अंगात देवी येई ते आज्ञा सांगत : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. पुढे या आज्ञांत गांधींचे नाव आणि खादी आली. देवीच्या आज्ञा पाळणारे 'वर्जेला' आणि न पाळणारे 'सर्जेला' अशी गावागावांत फूट पडली. राष्ट्रीय चळवळीने या लोकांना जागे केले, असे सांगण्याची प्रथा आहे. येथे क्रम उलटा दिसतो. लोक आधीच एकत्र आले होते. राष्ट्रीय चळवळीचे कार्यकर्ते त्यांच्याकडे नंतर पोचले.

याच परंपरेत, पण स्वतंत्र वळण घेऊन, १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथे गुलाम महाराजांची चळवळ उभी राहिली. ते स्वतः भिल्ल समाजातले. सामुदायिक आरती हा त्यांच्या पंथाचा गाभा होता. आरतीला जमणाऱ्यांनी दारू, मांस व चोरी वर्ज्य करावी, स्वच्छ राहावे आणि भेटल्यावर एकमेकांना 'आपकी जय' म्हणावे, असा दंडक होता. या पंथाला 'आपधर्म' हे नाव मिळाले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले. मोठ्या संख्येने एकत्र येणारे भिल्ल पाहून प्रशासन अस्वस्थ झाले आणि रामदास महाराजांना हद्दपारीला तोंड द्यावे लागले. ज्या प्रांतात भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्यात आली होती, तेथे आरतीसाठी जमलेला जमावही शासनाला जमावच वाटला, यात नवल नाही.

'आपकी जय' या दोन शब्दांकडे आता भाषेच्या अंगाने पाहू. रूप हिंदी आहे. हिंदीत 'आप' म्हणजे आदरार्थी द्वितीय पुरुष. ज्या समाजातील माणसाला सावकार, पाटील, शिपाई सारेच एकेरी हाक मारीत, त्या समाजातील दोन माणसे परस्परांना 'आप' म्हणू लागली, ही घटनाच लहान नव्हे. पण अर्थ येथे संपत नाही. मराठीतील 'आपपर', 'आपमतलब' या शब्दांत 'आप' म्हणजे स्वतः. मराठी 'आपण' आणि गुजराती 'आपणे' ही रूपे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र कवेत घेतात. या सर्वांचे मूळ संस्कृत 'आत्मन्' आणि प्राकृत 'अप्पा' यांत आहे. चार भाषांच्या संगमावर राहणाऱ्या श्रोत्याच्या कानी 'आपकी जय' पडे, तेव्हा तुझा जय, माझा जय आणि आपणा सर्वांचा जय असे तिन्ही अर्थ एकदम पडण्याची शक्यता होती. देवाचे नाव त्यात नाही. राजाचे नाही, देशाचेही नाही. जयघोषाच्या भारतीय परंपरेत हे असाधारण आहे, कारण आपल्याकडे जय बहुधा वर बसलेल्याचा होतो. समोर उभ्या असलेल्याचा जय करणारी ही घोषणा एका शेतमजूर समाजातून यावी, याची नोंद मराठीतील संतवाङ्मयाच्या किंवा प्रबोधनाच्या इतिहासात जेमतेमच आढळते.

या प्राप्तीला किंमतही होती. दारूची धार थांबली तेव्हा पूर्वजांशी असलेला एक संवादही थांबला. मांस वर्ज्य झाल्यावर ज्या विधींत बळी हाच केंद्रबिंदू होता, ते विधी आणि त्यांची गाणी गळू लागली. भगत झालेली घरे आणि न झालेली घरे यांच्यात जेवणाखाणाचे, लग्नसंबंधांचे अंतर पडले. शिवाय आरती, स्नान, शाकाहार ही चिन्हे सपाटीवरच्या सवर्ण शेतकऱ्याच्या धर्माची होती. प्रतिष्ठा मिळवावयाची तर ती प्रतिष्ठितांच्या खुणा अंगीकारूनच मिळते, हा पेच भिल्लांनी निर्माण केलेला नाही. त्यांनी त्या खुणा घेतल्या, पण त्या आणणारा पुरोहित घेतला नाही; आरती म्हणणारा त्यांच्यातलाच राहिला. गुलाम महाराजांच्या चळवळीचे मूल्यमापन करताना 'संस्कृतीकरण' हा शब्द वापरून मोकळे होणारे अभ्यासक हा फरक सोडून देतात.

डोंगरात हे घडत असताना बाहेर या लोकांना काय म्हणावे याचा वाद चालू होता. ब्रिटिश जनगणनेत त्यांच्यासाठी कधी 'जडप्राणवादी', तर १९३१ मध्ये 'जमातींचे धर्म' असा रकाना होता. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात त्यांना मागासलेले हिंदू म्हणावे, अशी भूमिका घेतली. व्हेरिअर एल्विन त्यांच्या वेगळेपणाच्या रक्षणाची भाषा बोलत होते. दोन्ही पक्ष विद्वान होते आणि दोघांच्याही हेतूवर येथे शंका घेण्याचे प्रयोजन नाही. पण दोघेही ज्यांच्याविषयी बोलत होते, त्यांनी स्वतःसाठी एक नाव आणि एक अभिवादन तोवर निवडलेले होते. 'आपधर्म' हे नाव जनगणनेच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, एवढेच.

गुलाम महाराजांच्या निधनानंतर चार वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबार शहरात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. 'चले जाव'ची घोषणा होऊन एक महिना झाला होता. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. मृत्युसमयी त्याला सोळावे वर्ष चालू होते. आज त्याचे स्मारक हे शहराचे मानचिन्ह आहे, आणि ते योग्यच आहे. अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. या मिरवणुकीतील जी घोषणा शहराच्या स्मरणात राहिली, ती गुजराती आहे. निशाण झुकणार नाही, असा तिचा आशय. हुतात्म्यांच्या नावांवरूनही त्या वेळच्या शहरी राष्ट्रभावनेचा सामाजिक आधार कळतो : व्यापारी आणि पांढरपेशी घरे, शाळेत जाणारी मुले. राष्ट्र येथे प्रथम गुजरातीत उच्चारले गेले आणि धर्मसुधारणा हिंदीत. महाराष्ट्राच्या या जिल्ह्यातील सार्वजनिक जीवनाच्या दोन महत्त्वाच्या घोषणांपैकी एकही मराठी नाही, आणि एकही भिल्ली नाही. मराठीच्या अध्यापकाला ही गोष्ट अडचणीची वाटली तरी ती दडवून चालणार नाही.

शहराची मिरवणूक आणि डोंगरातली आरती यांच्यात शत्रुत्व नव्हते. १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाने काँग्रेस खानदेशच्या खेड्यात आणली होती. १९३७ मध्ये आलेल्या मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे धोरण दारूबंदीचे होते, त्यामुळे दारू सोडणाऱ्या भिल्लांविषयी कार्यकर्त्यांना आपुलकी होती. उणीव एवढीच की, या आपुलकीतून दोन सार्वजनिक जीवने एक झाली नाहीत. स्मारक एकाचे झाले. दुसऱ्याची आठवण पंथाच्या अनुयायांकडे राहिली.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. सीमा भाषेच्या तत्त्वावर आखली गेली, असे आपण शिकवतो. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंना देहवाली आणि मावचीच बोलली जात होती. भिल्ली बोलणारा कालपर्यंत एका प्रांतात होता. आता त्याच्या एका भावाची मुले मराठी शाळेत आणि दुसऱ्याची गुजराती शाळेत जाऊ लागली. अस्मितेचा इतका मोठा निर्णय त्यांच्या बोलीच्या डोक्यावरून झाला. डांगच्या भाषेवरून झालेला वाद पुष्कळ गाजला, त्या मानाने या गावांची चर्चा मराठीत फारच थोडी झाली.

मराठी ही या डोंगरातील लोकांची सार्वजनिक भाषा झाली, ती शहाद्याच्या चळवळीत. अंबरसिंग सुरतवंती हे शिकलेले भिल्ल कार्यकर्ते होते. लोक त्यांना 'अंबरसिंग महाराज' म्हणत. हे उपपद महत्त्वाचे आहे. आपल्या समाजाचा नेता ओळखण्यासाठी लोकांपाशी गुलाम महाराजांपासून चालत आलेला जो शब्द होता, तोच त्यांनी जमिनीसाठी लढणाऱ्या माणसाला दिला. १९७१ मधील पाटीलवाडीच्या गोळीबाराने शहादा तालुक्यातील भिल्ल शेतमजुरांची स्थिती महाराष्ट्रापुढे आली. १९७२ मध्ये भूमुक्ती मेळावा झाला आणि श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण आणि स्थानिक कार्यकर्ते एकत्र आले. १९७४ मध्ये अंबरसिंगांचे अकाली निधन झाले. मजुरीचे दर, बळकावलेल्या जमिनी, पिकांच्या राखणीसाठी नेमलेल्या रखवालदारांची दांडगाई हे या चळवळीचे विषय होते. देव त्यात नव्हता. तरीही १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्याच्या आदिवासी स्त्रिया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडू लागल्या, तेव्हा १९२२ आणि १९३८ चा धागा पुन्हा वर आला. या वेळी आज्ञा देवीची नव्हती, महाराजांचीही नव्हती. मार खाणाऱ्या बायकांनी ती स्वतःच काढली. धर्माच्या भाषेत सुरू झालेली मागणी धर्माशिवायही उभी राहू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी मुलखात विरळा सापडेल.

वाहरू सोनवणे हे याच चळवळीतले कार्यकर्ते आणि कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. १९९० मध्ये पालघर येथे भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची 'स्टेज' ही कविता पदव्युत्तर वर्गात बहुधा दलित-आदिवासी साहित्याचा नमुना म्हणून शिकवली जाते. व्यासपीठावर न चढलेली माणसे आणि त्यांचे दुःख त्यांनाच समजावून सांगणारे व्यासपीठावरचे लोक, हा तिचा विषय. ही कविता नंदुरबारच्या या इतिहासापुढे ठेवून वाचली तर तिचा रोख अधिक रुंद दिसतो. व्यासपीठ जमीनदाराचे नसून हितचिंतकांचे आहे. राष्ट्र, धर्म, क्रांती यांपैकी कोणतेही नाव घेऊन आलेला वक्ता त्या व्यासपीठावर बसू शकतो. कवीची तक्रार त्याच्या हेतूविषयी नाही, जागेविषयी आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून जाहीर केला. त्या तारखेचे कारण जिनिव्हातील एका कार्यगटाच्या १९८२ मधील पहिल्या बैठकीत आहे. भारताशी तिचा संबंध नाही. पण भारतात ९ ऑगस्ट हा १९४२ चा क्रांतिदिनही आहे. त्यामुळे नंदुरबारसारख्या शहरात एकाच तारखेला दोन स्मरणे येतात. हुतात्म्यांना वंदन होते आणि मांदळ-ढोलांच्या गजरात 'जय आदिवासी' म्हणत मिरवणुकाही निघतात. 'जय'पुढे आलेले हे नाव नवे आहे. 'आपकी जय'मध्ये समोरचा माणूस होता. 'जय आदिवासी'मध्ये समूह आला, आणि समूहाबरोबर त्याची सीमाही आली. सीमा आली की तिच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न टळत नाही.

हाच प्रश्न आज तीव्र झाला आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. म्हणजे भिल्ल ख्रिस्ती झाला तरी जमातीचाच राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिशनरी कार्य चालू असलेल्या नवापूर परिसरात याला प्रत्यक्ष अर्थ आहे. तेथील मावची ख्रिस्ती समाज उपासनेत आपली बोली वापरतो. मावचीत बायबलचा नवा करारही उपलब्ध झाला. बोलीला छापील ग्रंथ देण्याचे काम मराठी संस्थांनी न करता मिशनने केले, हे कबूल केले पाहिजे. २००६ पासून जनजाती सुरक्षा मंचाने धर्मांतरितांना यादीतून वगळण्याची मागणी लावून धरली आहे. दुसरीकडे देशभरातील अनेक आदिवासी संघटना जनगणनेत हिंदूंपेक्षा वेगळा धर्मरकाना मागतात. एक पक्ष 'वनवासी' किंवा 'जनजाती' म्हणतो, दुसरा 'आदिवासी'चा आग्रह धरतो. शब्दांची ही निवड निर्हेतुक नसते. 'आदि' या उपसर्गात भूमीवरचा पहिला हक्क सांगितलेला आहे. 'वनवासी' या शब्दात केवळ राहण्याचे ठिकाण. दोन्ही पक्षांच्या प्रचारात गुलाम महाराज येऊ शकतात, कारण आरतीमुळे ते एकाला आपले वाटतात आणि पुरोहिताला दूर ठेवल्यामुळे दुसऱ्याला. अशा वेळी पंथाचे मौखिक वाङ्मय, म्हणजे आरत्या, भजने, नियम आणि आठवणी, बोलीच्या मूळ उच्चारांसह नोंदवले जाणे अगत्याचे आहे. नाहीतर उद्या ते कोणत्या तरी एका पक्षाच्या पुस्तिकेतच वाचावे लागेल.

पंथांच्या आणि पक्षांच्या या विभागण्यांना न जुमानणारे एक स्थान मात्र सीमेपलीकडे आहे. गुजरातेतील सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे याहामोगीची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास भरते. 'याहा' म्हणजे आई. अक्कलकुवा, तळोदा, अक्राणी येथील हजारो कुटुंबे राज्याची सीमा ओलांडून, डोक्यावर नव्या टोपल्या घेऊन तेथे जातात. महाशिवरात्रीमुळे हा सण हिंदू पंचांगात बसतो. देवीची कथा मात्र रामायणातही नाही आणि पुराणांतही नाही. ती राजा पांठा आणि विना ठाकोर यांच्या सोबतीने देहवालीतच सांगितली जाते. नैवेद्यात नव्या धान्याबरोबर मोहाच्या दारूची धारही असते. १८७८ च्या कायद्याने ती बंद झाली नाही, १९२२ च्या आज्ञांनी नाही, १९३८ च्या आरतीनेही नाही.